राजे, राणीसरकार आणि आमची आत्या

आमच्या आत्याला दोन मुलगे, पण कौतुक तिसऱ्याचंच. तिसरा म्हणजे जॅग्वार. बिबट्याहून थोराड, अंगभर काळ्या ठिपक्यांची फुलं, आणि इकडे सातासमुद्रापार, आमच्या भागातून जवळजवळ नामशेष झालेला.

आत्या वनखात्यात कामाला. समोर काही हललं की झाडाला बांधलेला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. त्यातली पानं, डुकरं आणि स्वतः तिचे साहेब बाजूला काढून जॅग्वार हुडकायचा, हे तिचं काम. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, तीवरून ती जनावर ओळखते. नावं ठेवण्यात तर तिचा हात कोणी धरू शकत नाही! डावी कूस दाखवत जायचे ते राजे. उजवी कूस दाखवत यायच्या त्या राणीसरकार. फोटो धूसर होते, पण नक्षी वेगळी होती, आणि ऑफिसला एवढा पुरावा पुरला.

जोडी आहे म्हटल्यावर आत्याचे पाय जमिनीला लागेनात. कारणही तसंच होतं. जंगलाच्या मधून मोठा रस्ता न्यायचं घाटत होतं. जोडी असेल तर वंश वाढेल, म्हणून रस्ता वळवायचा. एकटंच जनावर असेल तर तसाही वंश बुडणार, मग वळसा कशाला? महिन्याभरात बैठकीत याचा निकाल लागणार होता.

एका सकाळी आतोबा आरशासमोर दाढी करत होते. अर्धी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता. आत्याने चहा ठेवता ठेवता त्यांना एकदा डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं आणि किंचाळली, "अहो, तुम्ही दोन दिसताय!"

"एकच सांभाळवत नाही तुला," आतोबा म्हणाले.

पण ती एका पायात माझी चप्पल आणि एका पायात आतोबांची अडकवून ऑफिसकडे पळालीसुद्धा. मी तिच्यामागे. कॅमेरा वाटेच्या एकाच बाजूला होता. राजे संध्याकाळी जायचे, राणीसरकार पहाटे यायच्या, आणि दोघं एकत्र कधीच नसायची. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी एकाच जनावराचीही सारखी नसते, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. जोडीच्या आनंदात सगळेच विसरले होते.

"साहेब, राणी म्हणजे राजेच आहेत!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बैठक होईपर्यंत तोंड उघडू नका, बाई."

"आज खोटं बोललो, तर उद्या खरं बोलल्यावर कोण ऐकेल आपलं?" आत्या म्हणाली. ती खरंच घाबरली होती. तरी तिने आकडा एकावर आणायला लावला आणि त्याच दुपारी पहिल्या कॅमेऱ्यासमोर, वाटेच्या पलीकडे, दुसरा बांधला. आता दोन्ही कुशी एकदम टिपल्या जाणार होत्या.

टिपल्या गेल्या. राजे एकटेच होते. आत्या जेवलीच नाही. आतोबांनी दाढीवरून विनोद करून पाहिला आणि शिव्या खाल्ल्या.

पण नवा कॅमेरा पहिल्याच्या पाठीमागचंही बघत होता. आठवड्याने आणलेल्या कार्डात, पहिला कॅमेरा बांधलेल्या झाडाच्या मागून, राजांच्या वाटेपासून अंग चोरत, एक जॅग्वार मादी चालली होती. तिच्या शेपटीला झोंबत होतं एक गुबगुबीत पिल्लू. आत्याने साहेबांना मिठी मारली. मग भानावर येऊन सॉरी म्हणाली. मग पुन्हा मारली.

बैठकीत रस्तेवाल्यांचा वकील मिशीत हसत उठला. "जोडी आहे म्हणत होतात. तो दोनचा आकडा चुकीचा होता, हे खरं ना?"

"शंभर टक्के चुकीचा," आत्या फोटो टेबलावर ठेवत म्हणाली. "तीन आहेत."

रस्त्याने वळसा घ्यायचं ठरलं, आणि आमची आत्या सगळ्यांसमोर हसता हसता ढसाढसा रडली.