मास्तरची आई

पेशंटला सिझरसाठी टेबलावर घ्या, असं मी म्हटलं रे म्हटलं, की आमच्या सिस्टर आधी माझं कोपर धरायच्या. धरायच्या म्हणजे चक्क बाजूला ओढायच्या. "मॅडम, पोऱ्याले काय एस्टी धरनी शे का?"

मी नाशिकहून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या दवाखान्यात नवीन आलेली डॉक्टर. डिग्री कोरी आणि अंगात घाई. राग यायचा, खोटं कशाला बोलू? ठोके नीट, कळा नीट, मग वाट बघायला काय झालं, हा त्यांचा हेका. आणि मेलं बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. अशी एक तरी बाई तुमच्याही ऑफिसात असेल.

एकदा शहाद्याकडचं एक बागायतदार कुटुंब ज्योतिषाकडून वेळ काढून आलं. अकरा बेचाळीसलाच सिझर हवं. सून ठणठणीत. सिस्टरनी आजीबाईंना शांतपणे सांगितलं, "पंचांग आत टाका. पोऱ्या वाची नि निंघी." आजी जी फुगल्या, त्या संध्याकाळपर्यंत. नात आपली आपण झाली, तेव्हा कुठे हसल्या.

सपाटीवरच्यांना कापायची घाई आणि डोंगरातल्यांना कापायची धास्ती. आमचा जीव मधल्यामध्ये.

एका दुपारी धडगावकडून जीपमधून एक पोरगी आली. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. बाळाचे ठोके उतरत चालले होते. मी सवयीने कोपर सावरलं. सिस्टर म्हणाल्या, "आते नका थांबू, मॅडम. कापा."

पण सासू आडवी आली. पोट फाडलेली बाई डोंगर चढत नाही, ऊस तोडायला जात नाही, मग तिचं करायचं काय? आणि पोरगी सासूच्या तोंडाकडे बघणारी. मी शहाणी शुद्ध मराठीत गर्भाशय समजावत बसले. म्हातारी माझ्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

सिस्टरनी तिचा हात धरला, पडद्याआड नेलं आणि स्वतःच्या साडीच्या निऱ्या सैल केल्या. बेंबीपासून खाली उभा, जाड, जुना व्रण. मी मागोमाग गेले होते; हा व्रण मलाही ठाऊक नव्हता. डोंगरातल्या पावरी बोलीत, मोडकंतोडकं का होईना, त्यांनी सांगितलं, याच पोटाने मी इतकी वर्षं ड्यूटी करते, पाणी भरते. म्हातारीने व्रणावर बोट फिरवलं आणि विचारलं, पोर?

"मास्तर शे मन्हा, मास्तर!" सिस्टर जोरात म्हणाल्या. मग तेच पावरीत.

म्हातारीने सुनेकडे बघून मान हलवली. संमतीच्या कागदावर पोरीचा अंगठा लागला. मुलगी झाली. आधी रडेना, मग जी रडायला लागली ती थांबेना. आईही सुखरूप.

हात धुताना मी चिडवलं, "काय सिस्टर, मास्तर आजवर लपवून ठेवलात होय?"

"कसाना मास्तर, मॅडम. मले दवाखान्यात उशिरा लई उनात. पोर जगनंच नई." त्यांनी नळ बंद केला. "पन तिले हाई कसं सांगू?"

जळलं मेलं माझं तोंड. फार वाईट वाटलं.

सिस्टर गेल्या वर्षी रिटायर झाल्या. परवा तीच म्हातारी धाकट्या सुनेला घेऊन आली, या खेपेला पहिल्या कळेलाच. वॉर्डभर नजर फिरवून तिने स्वतःच्या पोटावरून बोट खाली ओढलं आणि विचारलं, ती कुठे गेली?

मीही आता थोडी पावरी शिकले आहे. म्हटलं, "मास्तरकडे राहायला गेल्या."