आधी बॅनर, मग मुलाखत

पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, हळद, कुणाच्या बैलांनी शर्यत मारली, सगळ्यांचे बॅनर माझ्याकडेच होतात. गॉगल घातलेला फोटो आणला की म्हणतात, डोळे दिसू द्या. डोळे दिसत असले की म्हणतात, गॉगल चढवा. या धंद्यात डोकं थंड राहत नाही, त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये. पण भाविका मढवी दुकानात आली की माझा पारा आपोआप उतरतो. पोरगीच तशी आहे.

तिचे वडील काशिराम मढवी माझं जुनं गिऱ्हाईक. पनवेल-उरण रस्त्यावर त्यांचं गाव. पूर्वी मिठागर होतं, आता त्या जागेवर कंटेनरचं यार्ड उभं आहे आणि काशिरामशेठ भाड्यावर सुखात आहेत. मुलगी एकुलती एक. तिची दहावी झाली, बॅनर लागला. बारावी झाली, बॅनर लागला. अकरावीचाही लावायला आले होते, मी दटावून परत पाठवलं.

बारावीला मार्क भरपूर, त्यामुळे पोरगी इंजिनियर होणार असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. भाविका म्हणाली, मी मुंबईच्या कॉलेजात स्पॅनिश घेऊन बी.ए. करणार. लहानपणापासून ती यार्डात कंटेनरवरची अक्षरं वाचत हिंडायची, कुठलं फळ कुठल्या देशातून आलं ते ड्रायव्हरांना विचारायची. तिथूनच हे वेड लागलं. आत्याने घर डोक्यावर घेतलं. "स्पॅनिश शिकून कोनाला मावरा विकनार हाय ही?" मासळी विकण्यापलीकडे तिला दुसरा धंदा माहीत नव्हता.

काशिरामशेठनी मात्र पोरीला एकच प्रश्न विचारला, ही भाषा बोलतात किती देशांत? ती म्हणाली, वीसेक देशांत. ते खूश. "एक भाषा शिकली का वीस देश मोकले? मंग तर स्वस्तच परली!"

तीन वर्षं ती माझ्या दुकानात बसची वाट बघत स्पॅनिश घोकायची. मध्येच मला आपले बेत सांगायची. "चारूताई, भाषांतर आहे, दुभाष्याचं काम आहे, टुरिझम आहे, वकिलाती आहेत. आणि लांब कशाला, आपल्या उरणच्या बंदरात चिली-पेरूचा माल येतो. तिकडचा माणूस फोनवर घाईघाईने बोलायला लागला की इकडे सगळे एकमेकांची तोंडं बघतात." मी म्हणायचे, "आधी तुझी बस कधी येणार ते स्पॅनिशमध्ये विचार बघू." ती खरंच विचारायची, बाहेर रस्त्याकडे तोंड करून, ठणठणीत आवाजात. रिक्षावाले टाळ्या वाजवायचे.

बी.ए. झाली आणि फळांची ने-आण करणाऱ्या एका स्पॅनिश कंपनीत तिने अर्ज टाकला. ऑफिस बेलापूरला, मालक मंडळी व्हॅलेन्सियाला. लेखी परीक्षेत ती पास झाली. घरी जाऊन म्हणाली, "बाबा, पयला राउंड झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडते तो काशिरामशेठ हजर. "चारूताय, वीस बाय दहाचा बॅनर पायजे. पोरीचा काम झाला!" मी विचारलं, "नक्की झालं का?" "आता राहिला काय त्याच्यान? होनारच हाय." मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मी छापला. एका बाजूला भाविका, दुसऱ्या बाजूला गॉगल लावलेले स्वतः शेठ, मध्ये 'स्पेनच्या कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि खाली शुभेच्छुक म्हणून उपसरपंचांपासून भजनी मंडळापर्यंत गावातली झाडून सगळी तोंडं.

संध्याकाळी भाविका दुकानात घुसली ती हसावं की रडावं ते न कळून दोन्ही करत. "चारूताई, मुलाखत गुरुवारी आहे! निवड कुठे झालीय?"

"मग उतरवायला सांग."

"कोण उतरवणार? उपसरपंच म्हणतील, माझं तोंड का उतरवलं?"

हे मात्र खरं होतं. बॅनरवरचा माणूस मुदतीआधी खाली काढणं म्हणजे आमच्याकडे पिढीजात वैराची सुरुवात. बॅनर तसाच राहिला आणि गावाच्या उत्साहाला ऊत आला. महिला मंडळाने शाल-नारळ दिला. कुणी आपल्या पोरालाही तिकडे चिकटवून घे म्हणून गळ घातली. आत्या, तीच ती मावरंवाली, सुकट बांधून घेऊन आली, परदेशात मिळत नाही म्हणून. नोकरी बेलापूरला आहे हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. आणि मुलाखतीत नापास झाली तर काशिराम मढवींना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. भाविकाला झोप येईना.

घरी पाहुण्यांची रीघ, म्हणून मुलाखत माझ्या दुकानात द्यायची ठरली. मशीनसाठी एसी आहेच. मी छपाई बंद ठेवली, तिच्या मागे कोरं पांढरं फ्लेक्स टांगलं आणि काशिरामशेठना पेढ्याच्या पुड्यासकट समोरच्या चहावाल्याकडे बसवलं. "आत आलात तर बघा," असा दमही भरला.

लॅपटॉपवर व्हॅलेन्सियाच्या मॅडम आल्या. रुपेरी केस, चेहरा शांत. भाविका बोलायला लागली. एरवी घडाघडा बोलणारी पोरगी पाठ केलेला धडा म्हणावा तशी अडखळत होती. मॅडम मान डोलवत होत्या. ती मान मी ओळखते. जे गिऱ्हाईक परत येऊ नये असं वाटतं, त्याच्यापुढे मी तशीच डोलवते.

काचेतून शेठनी पोरीचा चेहरा पाहिला असणार. दार धाडकन उघडलं आणि ते थेट कॅमेऱ्यापुढे येऊन हात जोडून उभे राहिले. "मॅडम, नमस्कार. मी हिचा बापूस. पोरगी घाबरलीय, त्याच्यान गप झालीय. चूक माजी हाय. मी आदीच बॅनर लावला." मग भाविकाकडे वळून म्हणाले, "सांग तिला!"

भाविकाचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या मनात आलं, संपलं सगळं, आता बॅनर उतरवायला शिडी मागवावी लागणार. पण तिने एक श्वास घेतला आणि सांगितलं. पहिलं वाक्य हळू, दुसरं जरा मोकळं, आणि मग पोरगी सुटली. मॅडमनी काहीतरी विचारलं. भाविका म्हणाली, "बाबा, केवढा बॅनर विचारतायत." शेठनी दोन्ही हात पसरले, ते स्क्रीनच्या बाहेर गेले. मी मोबाईलमधला फोटो कॅमेऱ्यापुढे धरला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. गॉगलवाला कोण, हे त्यांनी विचारलं. "मीच तो!" शेठ छाती काढून म्हणाले.

मग काय विचारता! मॅडमच्या गावाजवळही मिठागरं निघाली. मीठ कधी गोळा करता, पाऊस लवकर आला तर काय करता, असं शेठ विचारत सुटले. मॅडम सांगत होत्या, भाविका दोघांच्या मध्ये. मिठागरातले शब्द कॉलेजात कुणी शिकवलेले नव्हते, तिथे ती हातांनी बांध घालून दाखवायची, पाणी सोडून दाखवायची आणि पुढे जायची. शेठ हळूहळू बोलायचे थांबले. पोरीकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी तिचं कौतुक बॅनरवर मिरवलं होतं, पण आपलंच बोलणं तिच्या तोंडून समुद्रापार जाताना आज पहिल्यांदा ऐकत होते. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण जागा नव्हती.

शेवटी मॅडम बराच वेळ काहीतरी बोलल्या. भाविका नुसती ऐकत होती. स्क्रीन बंद झाली.

"काय म्हनली?" शेठनी विचारलं.

"बाबा, एक तारखेपासून ये म्हनाल्या. कागद मागनं येतील. आमच्याकरची मानसा तुमच्या इकरच्या लोकांशी कशी बोलतील ती कालजी होती, ती मिटली म्हनाल्या."

मी किंचाळले. भाविकाने मला मिठी मारून गरागरा फिरवलं, पांढरं फ्लेक्स आमच्या अंगावर कोसळलं. चहावाला पळत आला. आणि काशिरामशेठ, ज्यांनी साऱ्या गावाला आठवडाभर पेढे चारले होते, ते फ्लेक्सच्या रोलवर मटकन बसले.

"चारूताय," ते म्हणाले, "तुमी पन आइकला ना? खरंच लागली ना वो?"

मी ऐकलं होतं ते सगळं स्पॅनिश. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

"लागली, शेठ," मी म्हटलं. "माझ्या कानांनी ऐकलंय."