आमच्या मातीबाई

बाईंना शेजारी बसवून गाडी चालवणं अवघड होतं. नाशिकहून कुठेही निघालो, तरी मध्येच त्या म्हणायच्या, "थांबव गं जरा." मग उतरून बांधावरची माती चमच्याने पिशवीत भरायची, नाकाशी न्यायची आणि खूश व्हायचं. कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, पण सगळे त्यांना मातीबाईच म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडायचंही.

एकदा चांदवडजवळ कांद्याच्या शेतात आम्ही दोघी वाकलेल्या. शेतातल्या मावशी लांबून ओरडल्या, "ओ ताई, कांदे न्या की! माती काय नेता?" बाईंनी दोन्ही नेलं. त्या मातीतला एक जिवाणू माझ्या पीएचडीच्या वाट्याला आला.

मातीतले असे जिवाणू शेजारच्या जंतूंना मारणारी रसायनं बनवतात. आपली बरीचशी अँटिबायोटिक्स त्यांतूनच आली. माझ्या जिवाणूकडेही तसं रसायन बनवायची जनुकं होती, पण तो बनवत काहीच नव्हता. बाई म्हणायच्या, "गाणं येतंय त्याला, म्हणत नाहीये." माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. घरी आले की चहा घेता घेता विचारायचे, "काय, तुझा जंतू बोलला का काही?" शेवटी मी कंटाळले. ओझरकडे एका कारखान्यात नोकरी मिळत होती, ती घेते म्हणून बाईंना सांगायला गेले.

त्यांनी अडवलं नाही. "चांगली आहे, घे. फक्त जायच्या आधी त्याला एकदा उपाशी ठेवून बघ. भरल्या पोटी कोण कशाला भांडेल?"

उपाशी ठेवलं, तरी तो गप्पच. पण तो का गप्प आहे, हा प्रश्न मला आता सोडून देववेना. पुन्हा त्याची जनुकं तपासायला बसले, तेव्हा एक छोटं जनुक नजरेत भरलं. त्याच्यापासून बनणारं प्रथिन त्या रसायनाच्या जनुकांवर झाकणासारखं बसत असावं, असा संशय आला. बाई म्हणाल्या, "मग काढून टाक झाकण." ते जनुक काढायला कित्येक महिने गेले. तोवर ओझरची ती नोकरीही हातची गेली. एका सकाळी जंतू वाढवायची काचेची बशी उघडली, तर जिवाणूच्या भोवती स्वच्छ वर्तुळ. तेवढ्या जागेत शेजारी सोडलेला दुसरा जंतू वाढलाच नव्हता! बाईंनी बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

पुढच्या तपासणीत कळलं, की ते रसायन जुनंच आहे, कधीच सापडलेलं. मी जिन्यात जाऊन बसले. बाई गुडघे धरत माझ्या शेजारी बसल्या. "औषध जुनं निघालं, निघू दे. पण त्याला दाबून कोण बसलं होतं, हे तुझ्याआधी कुणाला माहीत होतं? तेच लिही." मी तेच लिहिलं. त्यावरच पीएचडी झाली.

नंतर बाईंच्या त्याच गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जखमेत जंतू शिरले. कुठलंच औषध लागू पडेना. तपासणीचा कागद हातात घेऊन डॉक्टर शब्द शोधत होते. बाईंनी हात पुढे केला. "इकडे द्या, मला वाचता येतं ते." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एक उरलंय की. हेच द्या."

"कानांवर परिणाम होऊ शकतो, मॅडम."

"होऊ दे. हेही मुळात मातीतल्यांनीच दिलेलं आहे."

बाई वाचल्या. ऐकू येणं मात्र हळूहळू गेलं. कानाच्या यंत्राचाही फारसा उपयोग झाला नाही. मी रडवेली झाले, तर मलाच म्हणाल्या, "जीव ठेवला, कान घेतले. महाग नाही पडलं." पुढेही निवृत्त होईपर्यंत त्या शिकवत राहिल्या. मुलं शंका फळ्यावर लिहायची. तोंडी कधी न विचारणारी मुलंही खडू घेऊन उठायला लागली.

आता त्या लेकीकडे नागपूरला असतात. मेसेज टाइप करायचा त्यांना भारी कंटाळा. दर रविवारी फोन करतात, स्वतःचं सगळं सांगून टाकतात आणि मग म्हणतात, "हं, आता तू बोल."

त्यांना काही ऐकू येत नाही, हे दोघींनाही माहीत आहे. तरी मी बोलते. प्रयोगशाळेत काय चाललंय, कुठला जिवाणू हट्टाला पेटलाय, कुठली मुलगी कंटाळलीय, सगळं सविस्तर सांगते. पलीकडे त्या शांतपणे फोन कानाला लावून बसलेल्या असतात. माझं सांगून झालं असावं असं वाटलं, की म्हणतात, "बरं," आणि फोन ठेवतात.