दुखवट्यातली बारावी

आमची ही गेली तेव्हा नातीची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती.

नात म्हणजे माझ्या लेकीची पोरगी. लेक कुरुंदवाडला दिलेली. पोरगी अकरावीपासून आमच्याकडं शिवाजी पेठेत राहून कॉलेज करत होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म सगळा फौंड्रीत साचे भरण्यात गेला. पोरीचा अभ्यास हे तिच्या आजीचं खातं. मी संध्याकाळचा बाहेर असायचो. घरात काय चालतं ते मी कधी बघितलं नाही.

आमच्यात माणूस गेलं की लोक भेटायला येत राहतात. रक्षाविसर्जन झाल्यावर तर जास्तच. बायका गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढतात. आलेला माणूस बसतो, चहा घेतो, शेवटी काय झालं ते विचारतो, आणि जाताना 'येतो' न म्हणता नुसता उठून जातो. आमचं घर दोन खोल्यांचं. पोरगी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची, आणि बाहेर दर थोड्या वेळानं तिची आजी पुन्हा मरायची.

एका दुपारी आत गेलो तर पोरगी भिंतीला पाठ लावून बसलेली. हात गार पडलेले, चढण चढून आल्यासारखा श्वास.

"आबा, छातीत धरल्यासारखं हुतंय. काय बी वाचलं तरी डोस्क्यात ऱ्हात न्हाय."

लेक मागं उभी होती. ती म्हणाली, "आबा, मी हिला घरला नेतो. परीक्षा पुढच्या वर्षी दिल."

"तिला इचारलंस?"

"इचारायचं काय त्यात? तोंड बघा तिचं."

पोरगी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं नाही. एवढी तोंडाळ पोर, आणि आपल्याच वर्षाबद्दल गप्प बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या खुर्च्या उचलल्या आणि गल्लीच्या तोंडाशी, तालमीच्या कट्ट्याजवळ नेऊन मांडल्या. भेटायला कुणी आलं की तिथंच अडवायचो. "हितं बसा. काय रडायचं ते हितं रडा. घरात पोरीची बारावी हाय."

काही लोक चिडले. माझी चुलत बहीण तर रस्त्यातच उभी राहून ओरडली, "बायको गेली आनि माणसं रस्त्यावर बसवतोस व्हय रं? लाज हाय का न्हाय?"

"हाय की. म्हणून तर तुला खुर्ची ठेवलीया."

तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडती. हसत होती. मग मात्र खरंच रडली, आणि तिच्याबरोबर मीही. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

घर गप्प झालं. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी जाऊन बघतो तर पोरगी तशीच, पुस्तक त्याच पानावर उघडं.

"आता तर कोण न्हाय की घरात!" माझा आवाज चढला.

"व्हय. कोणच न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. रोज संध्याकाळी तिची आजी लसूण नाहीतर शेंगा सोलत समोर बसायची आणि पोरगी तिला धडा मोठ्यानं सांगायची. आजीला त्यातलं काही कळायचं नाही. पण पोरगी घाबरून भरभर बोलायला लागली की ते बरोबर कळायचं. "'थांब. घागर भरून आण जा,' म्हणायची. पाणी भरून आलो की डोस्कं थाऱ्यावर यायचं."

मी लेकीला म्हणालो, उद्यापासनं भेटायला येणाऱ्यांचं तू बघ. आणि पोरीसमोर जाऊन बसलो.

मला ते हिच्यासारखं जमलं नाही. पहिल्याच दिवशी डोळा लागला.

"आबा, झोपलासा."

"न्हाय, ऐकतुया की."

"मग काय सांगितलं मी?"

"काय तरी झाडाचं."

"झाड कवाच संपलं!" ती म्हणाली. पण जरा हसली.

पुढं एकदा तिनं बरीच पानं एकदम उलटलेली मी बघितली. शिकलो नसलो तरी डोळे आहेत. विचारलं, "ती का सोडलीस?"

"ते हृदयाचं हाय."

डॉक्टर मला एवढंच म्हणाले होते, अटॅक आला. मी मान हलवली होती. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगत होतो, अटॅक आला, अटॅक आला. आत नेमकं काय झालं ते मला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं संसार केला त्या बाईबरोबर.

"सोडू नको," मी म्हणालो. "मला सांग. तुझ्या आज्जीला काय झालं ते मला अजून कळलेलं न्हाय."

मग तिनं पानं मागं घेतली. भरभर सुरू झाली, तशी मी तिला थांबवून पाण्याला पाठवलं. आली आणि सावकाश सांगायला लागली. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या नळ्या बारीक असतात. एखादी बंद पडली की तेवढा भाग उपाशी राहतो.

"तिला दुखलं असंल काय गं?"

"व्हय, आबा. दुखतं." मग म्हणाली, "पर लई वेळ न्हाय."

"हे पुस्तकात हाय?"

"न्हाय. हे मी सांगतो."

आम्ही दोघं रडलो. भेटायला कुणी आलेलं नव्हतं. लेक तेवढी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. पोरीला घरला न्यायचं तिनं पुन्हा काढलं नाही.

छातीत धरायचं काही एकदम थांबलं नाही. पण धरलं की पोरगी पुस्तक मिटायची, मी सांगेन ते काम करायची आणि पुन्हा येऊन बसायची.

पहिल्या पेपरला मी बरोबर गेलो. फाटकापाशी तिचे हात परत गार पडले. मी म्हणालो, "सावकाश लिव." ती आत गेली.

बाहेर झाडाखाली आई-बापांची गर्दी होती. एकानं विचारलं, "पावणं, तुमचं कोण?"

"नात."

"आजी घरात देव पाण्यात ठेवून बसली असंल."

"वारली. पंधरवडाबी झाला न्हाय."

त्या माणसानं जीभ चावली. तो बाजूला सरकला, बायकोलाही सरकवलं, आणि सावलीत माझ्यासाठी जागा केली.

"बसा. पेपर सुटायला येळ हाय."

मी बसलो.