निम्मं मापटं

अडुळशाचा वास आला की लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. शनिवार पेठेतल्या आमच्या घरी सासऱ्यांचा खोकला हटत नव्हता. वैद्यबुवांनी बजावलं होतं, "शेरभर पाण्याचा काढा आटवून चिपटंभरच उरवा, नाहीतर गुण यायचा नाही." श्रीमंतांच्या वाड्यावर सकाळचा चौघडा झडत असताना मी चूल पेटवली आणि कळलं, चिपटं शेजारणीकडे आणि शेजारीण माहेरी. घरात होतं ते सरळ कडांचं मापटं, म्हणजे दोन चिपट्यांचं माप. सासूबाई म्हणाल्या, "आता निम्मं काय डोळ्यांनी मोजणार?" मी मापटं पाण्यानं भरून हळूहळू कलतं केलं. पाणी ओठाला टेकलेलं असतानाच तळाची कड उघडी पडली, तशी मी थांबले. रिकामा भाग भरलेल्या भागाएवढाच दिसत होता. काढाही तसाच मोजून दिला. संध्याकाळी चिपटं परत आल्यावर सासूबाईंनी तेवढंच पाणी त्यात ओतून पाहिलं. ते काठोकाठ भरलं, थेंबही सांडला नाही. "माहेरी शिकवलं वाटतं?" "नाही, आत्ताच दिसलं." चार दिवसांनी सासऱ्यांना शांत झोप लागली. आता मी स्वतः सासू आहे, पण पाव मापटं असं कलतं करून कसं काढायचं, ते मला अजून साधलेलं नाही.