स्वेटरसरांचे स्फटिक

नव्या सहायिकेने स्वेटरसरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला लोकरीचं दुकानच चालत येतंय असं वाटलं. बाहेर पंख्याखाली माणसं घामाने निथळत होती आणि प्रयोगशाळेच्या शीतखोलीतून तीन स्वेटर, दोन मफलर अन् कानटोपी घातलेलं एक गाठोडं बाहेर पडलं. गाठोड्याला नाक होतं, त्यावरून ते सजीव असल्याचं कळलं.

"दार लाव गं बाई आधी!" गाठोडं म्हणालं.

दार म्हणजे सरांचा जीव की प्राण. आयुष्यभर त्यांनी एकाच एन्झाइमची मनधरणी केली. बर्फाळ समुद्रातल्या जिवाणूचं एन्झाइम. "आपल्या पोटातली एन्झाइमं घट्ट विणीची," सर सांगत. "गारठ्यात आखडतात. याची वीण सैल, टाके कमी, म्हणून बर्फातही हातपाय हलवतं. पण जरा ऊब लागली की उसवलंच!" ही वीण नेमकी कशी, ते पाहायला आधी त्याचे स्फटिक हवेत, मग त्यांवर क्ष-किरण. पण असलं सैल कार्टं रांगेत उभं राहतंय थोडंच! स्फटिक काही येईनात. निवृत्ती मात्र बिनबोभाट जवळ आली.

आणि शेवटच्या आठवड्यात एका थेंबात बारीक स्फटिक चमकले. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाहीत. मग त्यांनी बायकोला, म्हणजे त्या सगळ्या स्वेटरांच्या कर्तीला, बोलावून घेतलं.

बाई आल्या आणि दारातच अडल्या. बंद खोलीत त्यांचा जीव गुदमरायचा. लिफ्टमध्येसुद्धा त्या पाऊल टाकत नसत.

"मी इथूनच बघते."

"इथून तुला फक्त माझी पाठ दिसेल."

"ती तर जन्मभर बघतेय."

सरांनी दार सताड उघडलं आणि त्याला स्टूल लावलं.

"सर, दार!" सहायिका कळवळली. "उद्या क्ष-किरणांसाठी स्फटिक न्यायचेत!"

"असू दे."

बाईंनी आत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेरच्या दमट हवेने भिंगावर धुकं धरलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं, पुन्हा पाहिलं. "अय्या, मिठाच्या खड्यांसारखे आहेत की!" जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "अहो, यांना तडे जाताहेत."

"जाणारच," सर म्हणाले. त्यांनी बाईंना उठवलं नाही.

महिनाअखेर ते निवृत्त झाले. स्फटिक पुन्हा आले नाहीत. त्या एन्झाइमची रचना अजून कुणालाच माहीत नाही.