आवाज गेल्यानंतरचे सामने

लग्नानंतर आम्ही शारजात रोल्ला नावाच्या बाजारभागात राहायचो, तेव्हा माझ्या नवऱ्याचा आवाज खालच्या पार्किंगमधून चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. इंटरकॉम बंद असला की तो सरळ खालून हाक मारायचा, आणि बाजाराच्या गजबजाटातही मला ती स्वयंपाकघरात ऐकू यायची. शेजारच्या मल्याळी वहिनी हसायच्या. "आपके घर में माइक की क्या ज़रूरत?"

तो आवाज त्याने मैदानावर कमावला होता. पुण्यात कॉलेजात असताना तो बेसबॉल खेळायचा. आपल्याकडे हा खेळ कोण खेळतं, असं लोक मलाही विचारतात. पण खेळणारे होते, आणि त्यांतला एक माझ्या वाट्याला आला. इथे तो एका शाळेत पीटी टीचर म्हणून आला. दोन-तीन वर्षांनी एका कॉलेजने त्याला घेतलं. तिथे क्रिकेटची टीम होती, फुटबॉलची होती. याने डीनसाहेबांना बेसबॉलचं विचारलं. डीन म्हणजे जॉर्डनचे एक वयस्क, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मैदान कुठे आहे?" याने पार्किंगमागचा रेताड तुकडा दाखवला. "इन्शाल्ला, बघू," ते म्हणाले. ऑफिसात या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'विसर आता' असा असतो. पण हा दुसऱ्याच दिवशी दोरी आणि चुना घेऊन तिथे उभा राहिला.

पहिल्या टीममध्ये दोन फिलिपिनो, एक कोरियन, एक सुदानी आणि बाकी सगळे क्रिकेट सोडून आलेले आपले आणि पाकिस्तानी. कोणाची भाषा कोणाला धड कळत नव्हती. हा हिंदीत सुरुवात करायचा, इंग्रजीत शिरायचा आणि शेवटी अरबीत नुसतं "यल्ला, यल्ला!", म्हणजे 'चला, चला', ओरडायचा. टीम हरत राहिली, मग कमी हरायला लागली, मग जिंकायलाही लागली. मुलं पदवी घेऊन जायची, नवी यायची. आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो, मुलगी मोठी झाली, आणि जुने खेळाडू आपापल्या लेकरांना कडेवर घेऊन मॅच बघायला येऊ लागले. तो तसाच टोपी घालून, रापलेल्या मानेने ओरडत उभा.

म्हणून त्याचा आवाज बसला तेव्हा आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. कोचचा आवाज बसणारच. आल्याचा चहा झाला, ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. आवाज सुटेना. शेवटी मी त्याला ओढत करामा भागातल्या एका क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर गप्पिष्ट होते, पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. घशात नळी घालून बघता बघता त्यांचं बोलणं थांबलं, तेव्हाच मला कळलं.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. ऑपरेशन मुंबईला ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तो मला म्हणाला, "काही विचारायचं असेल तर आजच विचारून घे." मी विचारलं, "चहा घेणार?"

"घेतो की," तो म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. आता तो गळ्याखालच्या एका छिद्रातून श्वास घेतो, वर एक पातळ कापड बांधलेलं असतं. तोंडातून आवाज येत नाही. रडू आलं तरी आवाज नाही, हसू आलं तरी नाही. सुरुवातीचे महिने मी त्या शांततेला फार घाबरले. घरात तो कुठे आहे हेच मला कळायचं नाही.

बरं वाटल्यावर आम्ही परत आलो आणि डीनसाहेबांना भेटलो. ते उठून आले, त्याला मिठी मारली. "हबीबी, तू स्पोर्ट्स ऑफिसात बस. सामान, वेळापत्रक, प्रवास हे सगळं सांभाळ. पगार तोच राहील." ते मनापासून बोलत होते. याने फोनवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं : एक मॅच द्या. मग ठरवा.

डीन अवघडले. मैदानात चेंडू जोरात येतो, कोणाला सावध करायचं तर ओरडता आलं पाहिजे, नियम आहेत. मी पटकन बोलून गेले, "मी उभी राहते त्याच्याजवळ. मी ओरडेन." त्यावर ते एक मॅच द्यायला तयार झाले.

मला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. आठवडाभर मी ऑफिसातून आले की तो मला सोफ्यावर बसवून फोनवर लिहून शिकवायचा. हात असा केला की 'पळ', असा केला की 'थांब', असा केला की 'मागे फीर'. मुलगी आतून म्हणायची, "आई, यू आर सो स्लो!"

मॅच शनिवारी दुपारनंतर होती, दुबईत नोकरी करणाऱ्या जपानी आणि अमेरिकन लोकांच्या एका क्लबबरोबर. बेसबॉलमध्ये आपल्या टीमची बॅटिंग चालू असताना कोच तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे रन काढताना लागणाऱ्या तिसऱ्या थांब्याजवळ, उभा राहतो आणि टोपीला, कानाला, पट्ट्याला हात लावून खेळाडूंना खुणा करतो. ही पद्धत पहिल्यापासूनचीच. पण इतकी वर्षं त्या खुणांवर याच्या आवाजाचा पाऊस पडायचा, आणि मुलं खुणा अर्ध्याच बघायची.

मी कुंपणाजवळ उभी राहिले. त्याने हात केला, मी आठवलं, ओरडले, "गो!" तोवर त्याने थांबायची खूण केलेली होती. आमच्या टीमचा धावणारा मुलगा मधेच गोंधळला आणि आउट झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाव संपल्यावर आमचा कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा, त्रिशूरचा एक दणकट मुलगा, जाळीचा मुखवटा डोक्यावर सरकवून माझ्याकडे आला. फार नम्रपणे म्हणाला, "आंटी, प्लीज डोन्ट शाउट. वी आर लिसनिंग टू सर."

"अरे, पण सर बोलत नाहीयेत."

"येस, आंटी," तो म्हणाला आणि पळत गेला.

मी गप्प बसले आणि पहिल्यांदा बघायला लागले. समोरची टीम आरडाओरडा करत होती. आमच्या बाजूला बुटांखाली रेती करकरत होती, तेवढाच आवाज. पण एकाही मुलाची नजर ढळत नव्हती. बेसवर उभा असलेला, बॅट घेतलेला, बाकावर पाणी पिणारा, प्रत्येक जण त्याच्या हातांकडे बघत होता. त्याने भुवई उचलली तरी लांबचा एक मुलगा दोन पावलं सरकायचा. ज्याच्याबरोबर मी इतकी वर्षं जेवले, भांडले, भाजी आणली, तो माणूस मला अनोळखी आणि प्रचंड वाटला.

शेवटाकडे आमचा पिचर ढासळला. उंच, सडपातळ सुदानी मुलगा. त्याचे चेंडू भलतीकडे जाऊ लागले, एक तर समोरच्या खेळाडूच्या खांद्याला लागला. मुलगा धापा टाकत होता. माझा नवरा चालत त्याच्याकडे गेला. पूर्वी अशा वेळी तो तिथे लांबलचक भाषण द्यायचा. आता त्याने मुलाचा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवला आणि उभा राहिला. गळ्यावरचं कापड आत जात होतं, बाहेर येत होतं. मुलगा त्या कापडाकडे बघत होता. हळूहळू त्याची छातीही त्याच लयीत हलायला लागली. अंपायर घाई करायला निघाले होते, ते अर्ध्यातच थांबले. मग याने मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि परत आला.

त्यानंतर मुलाने एकही चेंडू वाया घालवला नाही. तरी एका रनने आम्ही हरलो.

डीनसाहेब प्रेक्षकांच्या शेडमधून मॅच बघत होते, ते उतरून आले. त्यांनी त्याचा हात धरला. मग स्वतःशीच म्हणाले, "खलास." मला वाटलं, आता याचं कोचिंग संपलं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि मला विचारलं, "याची पुढची मॅच कधी आहे?"

त्याला बरीच वर्षं झाली. पुढच्या सगळ्या मॅच त्यानेच घेतल्या, अजून घेतो. मी आता आईबापांच्या घोळक्यात बसते, डबा घेऊन. ओरडत नाही.

गेल्या सीझनला एका मॅचमध्ये फार ताण होता, मुलांचे चेहरे उतरले होते. याने डाव्या कोपराला हात लावला, नाक पुसलं आणि दोन्ही हात पसरले. सगळी टीम खो खो हसत सुटली, आणि पुढच्याच मुलाने चेंडू कुंपणापार मारला. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "त्या खुणेचा अर्थ काय रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि आवाज न करता इतका हसला की सिग्नल सुटल्यावर मागच्या गाडीला हॉर्न वाजवावा लागला.